नव्या शहरात बँक निवडताना

नोकरीनिमित्त पुण्यात बिऱ्हाड हलविले की घराजवळची बँक शोधणे ओघाने आलेच. पेठेतील सहकारी बँकेत आपुलकीने विचारपूस होते, ठेवीवर व्याजही बहुधा थोडे अधिक मिळते. तरीही व्याजदराच्या फलकाआधी बँकेचा ताळेबंद पाहावा आणि थकीत कर्जांचे प्रमाण तपासावे. पुण्याच्याच रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली वर्षे अनेक ज्येष्ठ ठेवीदारांनी हेलपाटे घालण्यात काढली.

फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याचे संरक्षण १ लाखावरून ५ लाख रुपयांवर गेले. मात्र ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून, तसेच एका बँकेतील आपल्या नावावरच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून असते. त्यामुळे कोथरूड आणि हडपसर अशा एकाच बँकेच्या दोन शाखांत रक्कम विभागून काहीच साधत नाही. त्यासाठी बँकच वेगळी हवी. कर्जासाठी सभासद होताना घेतलेल्या भागांना तर हा विमा लागूच नाही.

गावाकडचे खाते बंद करण्याची घाई मात्र नको. त्याच बँकेची शाखा इथे असल्यास अर्ज देऊन ते वर्ग करून घेता येते.