वीस एकर पोळपाट

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून उसने. दिवसभरात चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने घेतली. वर्षअखेर विक्री भरली ६,१९६ रुपये.

त्या वर्षात चार महिने काम बंदच होतं. पावसाळ्यात पापड वाळणार कुठे? दुसऱ्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाटेखाली पेटता स्टोव्ह. आठ महिन्यांचा धंदा बारमाही झाला, म्हणजे उत्पादनक्षमता एका फटक्यात दीडपट! एवढ्यासाठी एखाद्या कंपनीने सल्लागार नेमले असते.

साठेक वर्षांनी, २०१८-१९ च्या सुमारास, ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ची उलाढाल १,६०० कोटींच्या घरात गेली. ६,१९६ ची दुप्पट, तिची दुप्पट असं करत गेलं तर या आकड्याला पोचायला एकवीस वेळा दुप्पट करावी लागते, आणि तरी थोडं कमीच पडतं. दर पावणेतीन-तीन वर्षांनी धंदा दुप्पट, असं सलग साठ वर्षं. त्यात महागाईचा वाटा मोठा, हे खरंच. पण महागाईने माणसं वाढत नाहीत. सात जणींच्या सुमारे ४५,००० झाल्या, म्हणजे सहा हजार चारशे पट.

मला चक्रावून टाकणारा आकडा मात्र ताळेबंदात सापडत नाही. सकाळी ‘बहिणी’, म्हणजे लिज्जतच्या सभासद बायका, शाखेत येतात, आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड वजन करून देतात, मजुरी घेतात आणि मळलेलं डांगर घेऊन घरी जातात. कारखाना म्हणजे त्यांचं घर. बसायला, पोळपाटाला आणि वाळवणाला मिळून एकीला २० चौरस फूट धरा. ४५,००० घरांचे झाले ९ लाख चौरस फूट, वीस एकरांहून जास्त. मुंबईत आज कारखान्यासाठी वीस एकर मागून बघा! दिवसाला पाच किलो डांगर धरलं तर रोजचे सव्वादोनशे टन, दहा टनी बावीस-तेवीस ट्रक. हा आपला बोटांवरचा हिशेब, कारण सगळ्याच जणी लाटत नाहीत. ज्यांच्या घरी जागा नाही त्या शाखेत पीठ मळतात, पापड तपासतात, पाकिटं भरतात.

या वीस एकरांचं भाडं कोण भरतं? ज्या त्या बहिणीचं घर भरतं. दिव्याचं बिल आणि दुखरी कंबरही तिच्याच खात्यावर, हे लिज्जतचे गोडवे गाणारे सहसा बोलत नाहीत. शिवाय १,६०० कोटींना ४५,००० ने भागलं की एकीमागे वर्षाला साडेतीन लाखांची उलाढाल येते. उलाढाल, कमाई नव्हे. त्यातून उडीद, हिंग, वाहतूक सगळं वजा व्हायचं. हजार कोटी म्हटलं की डोळ्यांपुढे जो बंगला उभा राहतो, तो इथे कुणाचाच होत नाही. नफा-तोटा बहिणींनी वाटून घ्यायचा, कारभार पाहायला त्यांच्यातल्याच २१ जणींची मध्यवर्ती समिती.

आणखी एक गंमत. ही कागदोपत्री सहकारी संस्था नाहीच. १९६६ मध्ये नोंदणी झाली ती सार्वजनिक न्यास म्हणून. उलट आपण ज्याला अभिमानाने ‘सहकार’ म्हणतो, त्या साखर कारखान्याचा मालक ऊस पिकवणारा शेतकरी. बॉयलरवरचा कामगार तिथेही पगारीच. कष्टकऱ्यांची मालकी म्हणून जगभर दाखला देतात तो स्पेनमधल्या मोंद्रागोन या सहकारी उद्योगसमूहाचा: १९५६ ची सुरुवात, आज सत्तर हजारांच्या आसपास कामगार. तिथे तंत्रशाळा होती, पुढे स्वतःची बँकही आली. गिरगावच्या गच्चीवर यातलं काहीच नव्हतं.

सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लिज्जतला शेअर नाहीत, त्यामुळे बाजारात भावही नाही. उद्या एखाद्या उद्योगपतीला ही १,६०० कोटींची उलाढाल विकत घ्यावीशी वाटली, तर चेक कुणाच्या नावाने फाडायचा हे त्याच्या वकिलालाही सांगता येणार नाही.