मळीच्या पाण्यात राबणारे जिवाणू



साखर कारखान्याशेजारी ज्यांची रानं आहेत, त्यांना मळीमिश्रित पाण्याची ओळख करून द्यायला नको. ते नाल्यात उतरलं की वास सुटतो आणि मासे तरंगतात. हेच पाणी कारखान्यात जिवाणूंकडून कसं साफ करून घेतात आणि ते काम कशामुळे बिघडतं, ते आज पाहू.

मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर तांबूस-काळे, आंबट व गरम सांडपाणी निघते. त्यात कुजणारे पदार्थ भरपूर असतात. नाल्यातले जिवाणू ते खाऊ लागतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे मरतात ते बहुधा गुदमरून.

कारखान्यात हेच काम बंद टाकीत, हवेशिवाय करून घेतात. आपल्या गोबरगॅसचंच हे थोरलं भावंड. टाकी सुरू करताना विरजण म्हणून बहुधा शेणकालाच घालतात. आत मुख्यतः दोन प्रकारचे मजूर असतात. पहिले पदार्थ मोडून आम्ल तयार करतात. दुसरे त्या आम्लापासून जळाऊ मिथेन वायू बनवतात. पहिले चपळ, दुसरे संथ आणि नाजूक. त्यांना साधारण ३५ ते ३८ अंश उष्णता आणि ७ च्या आसपास सामू मानवतो.

आता बघा, म्हशीला एकदम घमेलंभर धान्य चारलं तर काय होतं? पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, जनावर आडवं पडतं. टाकीचंही तसंच. एकदम जास्त सांडपाणी भरलं की आम्ल साचतं, गॅस घटतो आणि टाकी आंबते. ती पुन्हा ताळ्यावर यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून भरणा रोज, मोजून आणि सारखा हवा.

नीट चाललेली टाकी कुजणाऱ्या घाणीचे शंभरातले ८० ते ९० भाग कमी करते. पुढे उघड्या हौदात हवा मिसळली की दुसरे जिवाणू उरलेल्यातली बरीच घाण खातात. पण क्षार त्यांना खाता येत नाहीत आणि तपकिरी रंगही बराचसा तसाच राहतो. तेव्हा ‘प्रक्रिया केलेलं आहे, पालाश फुकट मिळतंय’ असं कुणी म्हणालं, तरी टँकर रानात रिकामा करू देऊ नका. जमीन खारवते, विहीर बिघडते. हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळणे किंवा प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करणे, हे मार्ग आहेत. नदी-नाल्यात सोडण्यास मनाई आहे.

आपण कारखान्याचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत हे तीन प्रश्न जरूर विचारा :

१. टाकीत रोज मोजूनच भरणा होतो का?
२. सामू व गॅस यांची रोज नोंद ठेवतात का?
३. टाकी बिघडली, तर सांडपाणी कुठे साठवतात?

नाल्याचं पाणी काळवंडलेलं दिसलं, तर जनावरांना पाजू नका. तारीख, वेळ व जागा लिहून ठेवा आणि ग्रामपंचायत व प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. ऊस आपला, कारखाना आपला, तसा नालाही आपलाच आहे.