अस्वलाच्या रानातली शिदोरी

‘शिदोरी’ हा शब्द उच्चारला की फडक्यात बांधलेली भाकरी, वर कांदा आणि मिरचीचा ठेचा असे चित्र डोळ्यांपुढे येते. घराबाहेर पडणाऱ्याला घरची माया सोबत बांधून देण्याची ही आपली जुनी रीत. तेव्हा शिदोरी कशी बांधावी आणि कोठे ठेवावी हा काय वार्षिकांकात लेख लिहिण्याचा विषय झाला, असे कोणी म्हटले तर नवल नाही. गेल्या वैशाखापर्यंत मीही तसेच म्हटले असते. परंतु एका रात्री झाडावर बसून जे पाहिले आणि सकाळी खाली उतरल्यावर जे ऐकले, त्यामुळे माझे मत बदलले.

वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्याकाठच्या मचाणांवर बसून वन्यप्राण्यांची नोंद केली जाते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. उन्हाळ्यात रानातले पाणी आटते आणि उरलेल्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावेच लागते. शिवाय पौर्णिमेच्या चांदण्यात ते दिसतातही. आपल्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे अभयारण्य आहे, पण ते काळविटांचे. अस्वलांसाठी नाव घ्यायचे ते शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्याचे, नाही तर सातपुड्यातल्या मेळघाटाचे. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. पण वाघाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रानात अस्वलेही राहतात, याचा आपल्याला विसर पडतो.

अशाच एका अभयारण्यात आम्ही दोघे मित्र आणि एक वनमजूर मामा मचाणावर बसलो होतो. मित्राच्या आईने पिशवीभर गावरान आंबे दिले होते. वर जागा अपुरी, म्हणून त्याने ती पिशवी मचाणाखालच्या फांदीला अडकवून ठेवली. गुळाच्या दशम्या आणि लोणचे यांचा डबा मात्र वर घेतला. मध्यरात्रीच्या सुमारास झुडपातून सुस्कारे टाकल्यासारखा आवाज आला आणि पाठीवर दोन पिल्ले घेतलेली अस्वलाची मादी चांदण्यात उभी राहिली. पाण्याकडे तिने पाहिलेही नाही. ती सरळ पिशवीपाशी आली, एका फटकाऱ्यात ती फाडली आणि आंबे खाऊ लागली. ते संपल्यावर मागच्या पायांवर उभी राहून तिने वर हुंगले आणि पुढचा पंजा खोडावर टेकवला. मामांनी जोराने टाळ्या वाजवल्या, ओरडले, तेव्हा कोठे ती रानात गेली. उरलेली रात्र आम्ही कशी काढली, ते न सांगितलेलेच बरे.

सकाळी आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून हसू लागलो. मामा हसले नाहीत. फाटक्या पिशवीचा तुकडा हातात घेऊन ते म्हणाले, “पोट्टेहो, तुमी तं आता घरी चालले जासान. पन तिले आता समजलं, का मानसाच्या थैलीत आंबे राह्यते. उद्या तेंदूपत्ता तोडाले बाया येतीन, त्यायच्या फडक्यातली भाकर हुंगत ते आली, तं तवा तुमी कुठी राहसान?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नातूनच लिहिला आहे.

अस्वलाविषयी आपल्याकडे ज्ञानापेक्षा समजुतीच अधिक. अस्वल गुदगुल्या करून माणसाला मारते, असे आपण लहानपणी ऐकलेले असते. आजोबांच्या पिढीने दरवेशाच्या दोरीला बांधलेले, नाचणारे अस्वल पाहिले आणि ताइतासाठी त्याचे केस विकत घेतले. प्रत्यक्षात आपल्या रानातले अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळे यांवर जगते. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून आणि लांब ओठांतून ते वारुळातली वाळवी फुंकून-ओढून खाते; तो आवाज शांत रानात शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. त्याची नखे लांब आणि वाकडी असतात. या नखांमुळे आणि दातांमुळे, १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याची गणना अमेरिकेतल्या ‘स्लॉथ’ नावाच्या मंद प्राण्यात केली. पुढे चूक कळली, तरी इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव राहिलेच.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे नाक. नजर अधू, कान बेताचे. पण जमिनीखाली हातभर खोल असलेल्या अळ्याही ते वासावरून शोधते. हिवाळ्यात बोरे, चैत्रात मोहाची फुले, मृगाच्या सुमारास जांभळे, अधूनमधून उंबर आणि पोळ्यातला मध हा त्याचा वर्षाचा क्रम आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जे गोड, पिकलेले आणि वासाचे, ते जसे आपल्याला आवडते तसेच अस्वलालाही. गूळ, आंबा आणि केळे यांची ओळख त्याला कोणी करून द्यावी लागत नाही.

आता त्याच्या बाजूने थोडा हिशेब करून पाहू. कठीण वारूळ खणून त्याच्या वाट्याला थोडीशी वाळवी येते. एक पिशवी फाडली की तीन-चार किलो आंबे एकदम मिळतात. असा सौदा जो प्राणी एकदा करील, तो त्याची आठवण ठेवणारच. मादी असेल तर पाठीवरची पिल्लेही तो धडा घेतात. आपण विसरलेली एक पिशवी ही अशी दोन पिढ्यांची शाळा ठरते.

हा धडा परदेशात फार महाग पडलेला आहे. अमेरिकेतील येलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १८७२ साली झाली. तेथे पुढे अनेक वर्षे अस्वले खरकट्याच्या उकिरड्यांवर जेवायला येत आणि प्रवासी ती मौज पाहत. १९७० च्या सुमारास हे उकिरडे बंद करण्यात आले, तेव्हा आयत्या अन्नाला सरावलेली अस्वले तंबूंकडे व वस्त्यांकडे वळली आणि त्यांपैकी पुष्कळ मारावी लागली. आजही तेथे अन्नाला चटावलेले अस्वल म्हणजे मेलेलेच अस्वल असे समजतात. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानातल्या अस्वलांनी खाण्यासाठी मोटारींची दारे उचकटल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तेथे रानात मुक्कामाला जाणाऱ्यास अन्नासाठी एक विशिष्ट डबा न्यावा लागतो. तो गोल, गुळगुळीत आणि कठीण असतो. त्याचे झाकण अस्वलाला उघडता येत नाही आणि नखाला पकड मिळत नाही. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, महासमुंद जिल्ह्यातील घुंचापाली येथील चंडीमातेच्या देवळात अस्वले प्रसाद खायला येतात आणि भाविक ते कौतुकाने पाहतात. येलोस्टोनचा इतिहास ठाऊक असेल, तर हे कौतुक निर्धास्तपणे पाहवत नाही.

मग आपण काय करावे? पहिला विचार घरीच करावा, म्हणजे काय न्यावे याचा. आंबा, केळी, गूळ, मध, तुपातले पदार्थ, लोणचे, सुकी मासळी आणि मटण ही सर्व घरी ठेवावीत. वैशाखाच्या उष्म्यात त्यांचा वास अधिक लवकर सुटतो. शिवाय रात्री डोंगरावरची गार हवा नाल्यानाल्याने उतरून सखल जागी साचते. पाणवठा आणि मचाण नेमके अशाच जागी असतात. तेथे वास सहज विरत नाही. त्याऐवजी फुटाणे, मुरमुरे, साध्या कोरड्या पोळ्या असे बेताचे अन्न न्यावे. तेही एका वेळेला लागेल तेवढेच. उरले की प्रश्न उभा राहतो.

दुसरी गोष्ट बांधण्याची. फडक्यातून आणि पातळ प्लॅस्टिकमधून वास बाहेर येतो. कडीच्या डब्याचे पुडे एकमेकांवर नुसते बसलेले असतात, त्यातून रस्सा झिरपतो. म्हणून रबराची कडी असलेला, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा आणि तो बाहेरून पुसून ठेवावा. असा डबा अस्वलाला अडवू शकत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे. त्याचे काम वास कोंडण्यापुरते आहे. सुवासिक तेल, साबण, दंतमंजन आणि उदबत्ती यांनाही हाच नियम लावावा. नाकाला खाद्य-अखाद्य हा भेद दुरून कळत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. अस्वल मधासाठी झाडावर चढते, त्यामुळे मचाण म्हणजे किल्ला नव्हे. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे वर चढण्यापूर्वी, वनविभागाने ठरवून दिलेल्या जागी जेवून, हात-तोंड धुऊन घ्यावे आणि वर पाणी व मूठभर फुटाणे एवढेच न्यावे. खाली किंवा फांदीला काहीही ठेवू नये. परवानगीने शिबिराचा मुक्काम असेल, तर स्वयंपाकाची, अन्न ठेवण्याची आणि झोपण्याची अशा तीन जागा एकमेकींपासून सुमारे शंभर पावलांवर, त्रिकोणाच्या तीन टोकांसारख्या ठेवाव्यात. पक्की, कुलूप लावता येणारी खोली मिळाली तर अन्न तेथेच ठेवावे. तशी सोय नसेल, तर दोन झाडांमध्ये दोर बांधून जमिनीपासून बारा-पंधरा फूट उंच आणि खोडांपासून चार-पाच फूट दूर डबा टांगतात. पण चढणाऱ्या प्राण्यापुढे हा नाइलाजाचा उपाय समजावा. तंबूत उशाशी डबा घेऊन झोपणे हे तर साक्षात निमंत्रणच.

चौथी गोष्ट खरकट्याची. ‘खड्डा करून पुरून टाकू’ असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्याचा जन्मच वारुळे खणण्यात जातो, त्याच्यापासून पुरून काय लपवणार? जाळावे म्हटले तर फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा काळ. ठिणगीने रान जाईल आणि अर्धवट जळलेल्याचा वास तर राहीलच. म्हणून कोय, साल आणि कागद सर्व डब्यात घालून गावी परत आणावे. जे बांधून नेले, ते बांधूनच परत यावे.

एवढे करूनही वाटेत अस्वल भेटणार नाही असे नाही. वाळवी खाण्यात गुंगलेल्या अस्वलाला आपली चाहूल लागत नाही आणि दचकले की ते अंगावर येते. म्हणून झुडपांतून जाताना आपसांत बोलत जावे. दिसलेच तर पळू नये, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे. अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकावी, कारण त्याचा मारा तोंडावर आणि डोक्यावर असतो. गुदगुल्यांची कथा रचणाऱ्याने अशी जखम पाहिलेली नसावी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. कायदा त्याला शिकाऱ्यापासून वाचवील. आपल्या आंब्याच्या पिशवीपासून वाचवणे मात्र आपल्याच हाती आहे. आणि प्रश्न एकट्या अस्वलाचा नाही. आपण रानात एका रात्रीचे पाहुणे असतो. चैत्रात पहाटेच्या अंधारात मोह वेचणारी आणि वैशाखात तेंदूपत्ता तोडणारी बाई तेथे रोज जाते. तिच्याही कमरेला एक शिदोरी असते. आपल्या शिदोरीचा वास अस्वलाला लागला, तर त्याची किंमत तिच्या शिदोरीला, कदाचित तिच्या जिवाला, मोजावी लागते.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेलाही आम्ही जाणार आहोत. मित्राच्या आईला सारी हकिकत सांगितली, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तं मंग आंबे तुमी आल्यावरच खा. मी पाडाचे ठेवीन.”