अपडेटनंतर स्मार्ट हब बंद पडल्यास काय करावे?

दुकान, गोदाम आणि घर यांच्या राखणीसाठी आता आपले अनेक व्यापारी बांधव नवी साधने वापरू लागले आहेत. शटर उघडले की मोबाइलवर खबर देणारा सेन्सर, रात्री माणसाची चाहूल लागताच पेटणारा दिवा, धूर दिसताच वाजणारा भोंगा, घरातले पंखे-दिवे दुरून बंद करण्याची सोय, ही सर्व साधने ज्या एका लहान पेटीच्या हुकमाने चालतात, तिला स्मार्ट हब म्हणतात. ही पेटी चालू असेपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. परंतु एखाद्या सकाळी कळते की, रात्री कंपनीकडून अपडेट आले आणि तेव्हापासून निम्मी साधने मुकी झाली आहेत.

अशा वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे जरुरीचे आहे. एक म्हणजे, घाईने रिसेटचे बटण दाबू नये. दुसरी म्हणजे, मोबाइलवर सर्व ठीक दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. पुष्कळदा नुकसान हब बंद पडल्यामुळे होत नाही, ते बंद पडल्याचे उशिरा कळल्यामुळे होते.

हब आणि फर्मवेअर म्हणजे काय?

हबला आपल्या पेढीवरील जुन्या, अनुभवी मुनीमाची उपमा देता येईल. कोणता माल कोणाकडे गेला आणि कोणाकडून काय यायचे, हे सर्व त्याच्या वहीत असते. हबमध्येही अशीच एक वही असते. कोणता सेन्सर कोणत्या दाराचा, त्याने खबर दिली की कोणता दिवा लावायचा आणि भोंगा केव्हा वाजवायचा, याची नोंद त्यात असते. सेन्सर आणि दिवे हबशी वायफायने किंवा झिगबी, झेड-वेव्ह अशा कमी वीज खाणाऱ्या बिनतारी पद्धतींनी बोलतात.

फर्मवेअर म्हणजे हबच्या पोटात बसवलेली आज्ञावली. कंपनी वेळोवेळी तिच्यात सुधारणा करून इंटरनेटवरून पाठवते. तिलाच अपडेट म्हणतात. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे चटकन समजेल. शेड कार्डावर नंबर तोच असतो, पण नव्या लॉटचा ताका जुन्या ताक्याशेजारी ठेवला की रंगात किंचित फरक दिसतो. नव्या फर्मवेअरचेही तसेच आहे. हब तेच, नाव तेच. पण बोलण्याची रीत किंचित बदललेली असते आणि जुन्या साधनांपैकी एखादे तिच्याशी जुळत नाही.

बिघाड कोठे होतो?

अपडेटनंतरच्या बिघाडाची कारणे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात:

(अ) अपडेट पूर्ण झालेलेच नसते. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली किंवा कोणी प्लग काढला, तर आज्ञावली अर्धवट राहते. चांगल्या हबमध्ये जुनी प्रत बाजूला ठेवलेली असते आणि तो तिच्यावर परत जातो. स्वस्त हबमध्ये ही सोय असेलच असे नाही.

(आ) हब नवा झाला, पण मोबाइलमधील अॅप जुनेच राहिले. दोघांची भाषा जुळत नाही.

(इ) साधनांमधील वाट तुटते. झिगबीमध्ये विजेवर चालणारी बहुतेक साधने शेजारच्या साधनाचा निरोप पुढे पोचवतात. हब बंद होऊन सुरू झाला की ही साखळी पुन्हा जुळायला कधी काही मिनिटे, कधी काही तास लागतात. त्यातच कोणी भिंतीवरच्या बटणाने मधला दिवा बंद केला असेल, तर त्याच्या पलीकडचे सेन्सर एकटे पडतात.

(ई) बॅटरीवरचे सेन्सर वीज वाचवण्यासाठी बहुतांश वेळ झोपलेले असतात. हब परत आल्याचे त्यांना लगेच कळत नाही.

(उ) हबचे इतर कंपन्यांच्या सेवेशी, उदाहरणार्थ अलेक्सा किंवा गुगल यांच्याशी असलेले जोडणीचे परवाने रद्द होतात. साधन अॅपमधून चालते, पण आवाजाने सांगितलेले ऐकत नाही.

(ऊ) कंपनीने मुद्दामच काही बदललेले असते. फिलिप्सच्या ह्यू या प्रसिद्ध दिव्यांच्या बाबतीत डिसेंबर २०१५ मध्ये असे घडले. नव्या फर्मवेअरने इतर कंपन्यांचे दिवे जोडणे बंद केले. ग्राहकांनी नाराजी व्यक्त करताच काही दिवसांत कंपनीने तो निर्णय मागे घेतला.

दुरुस्तीचा क्रम

खालील क्रम मोडू नये. सोपे आणि निर्धोक उपाय आधी दिले आहेत, नुकसानीचे शेवटी.

१. थांबा. हबवरचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजा आणि किमान अर्धा तास प्लगला हात लावू नका. दिव्याच्या रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो, तो पुस्तिकेत पाहून घ्या.

२. इंटरनेट तपासा. त्याच वायफायवर मोबाइलवरून दुसरे काही उघडते का ते पाहा. इंटरनेटच बंद असेल तर हबला दोष देण्यात अर्थ नाही. हब तारेने राउटरला जोडलेला असेल तर तार काढून घट्ट बसवा, शक्य झाल्यास दुसऱ्या खाचेत लावून पाहा.

३. आधी राउटर, मग हब. राउटर बंद करून सुरू करा. तो पूर्ण सुरू झाल्यावर हबची वीज एक मिनिट काढून परत द्या. हबमध्ये बॅटरी असेल तर तीही काढावी लागते, नाहीतर हब बंद झालाच नाही असे होते.

४. अॅप नवे करा. मोबाइल त्याच वायफायवर आणा आणि अॅपला दिलेल्या परवानग्या पाहा. एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करा. पासवर्ड आधी हाताशी ठेवा.

५. एकच जवळचे, विजेवर चालणारे साधन तपासा. ते चालले तर हब जिवंत आहे आणि दोष पुढच्या वाटेत आहे. मग हबकडून सुरुवात करून एकेक साधन तपासत दूर जा. भिंतीवरची बटणे चालू ठेवा.

६. बॅटरीवरच्या सेन्सरची बॅटरी काढून परत घाला किंवा त्यावरचे लहान बटण एकदा दाबा. दारावरचा सेन्सर असेल तर दार दोन-तीनदा उघडून बंद करा. तरीही न जागल्यास एक दिवस वाट पाहा. मात्र त्या रात्री राखणीची दुसरी व्यवस्था करा.

७. साधन न पुसता पुन्हा जोडून पाहा. अनेक झिगबी हबमध्ये साधन यादीतून न काढता पुन्हा जोडण्याची क्रिया केली, तर हब त्याला ओळखतो आणि जुने नाव व नियम कायम राहतात. आधी पुसून टाकले तर त्याच्याशी जोडलेले नियमही जातात.

८. कंपनीला कळवा. साधनाचे मॉडेल, फर्मवेअरचा आकडा, अपडेटची तारीख, दिव्याचा रंग आणि आतापर्यंत केलेले उपाय लिहून पाठवा. फक्त 'चालत नाही' एवढेच कळवले तर उत्तरही तसेच मोघम येते. दोष सर्वच ग्राहकांकडे असेल, तर कंपनी पुढचे दुरुस्त फर्मवेअर पाठवते आणि आपले कष्ट वाचतात.

९. सर्वात शेवटी रिसेट. साधे बंद-चालू करणे आणि फॅक्टरी रिसेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फॅक्टरी रिसेट म्हणजे हिशेब जुळत नाही म्हणून वहीच जाळून टाकणे. सर्व सेन्सर, नावे आणि नियम जातात, आणि शिडी लावून प्रत्येक साधन पुन्हा जोडावे लागते. हबमध्ये बॅकअपची सोय असेल तर तो आधी घ्या.

हाताने तपासल्याशिवाय विश्वास नको

दुरुस्तीनंतर, किंबहुना प्रत्येक अपडेटनंतर, एक काम न चुकता करावे. सेन्सरचा हबशी संपर्क तुटला तरी काही अॅप शेवटची माहितीच दाखवत राहतात. म्हणजे पडद्यावर 'शटर बंद' असे दिसते, पण ती खबर परवाची असते. मालक मोबाइल पाहून निश्चिंत झोपतो आणि गोदामाला प्रत्यक्षात पहारा नसतो. म्हणून स्वतः शटर उघडून पाहा. खबर आली का? भोंगा वाजला का? धुराच्या सेन्सरवरचे चाचणीचे बटण दाबा. धागा, सूत, फर्निचर, अत्तर, रंग अशा चटकन पेट घेणाऱ्या मालाच्या गोदामात तर यात हयगय नकोच. पाच-दहा मिनिटांचे काम आहे.

अपडेट बंदच ठेवावे काय?

हे सर्व वाचून काही बांधव म्हणतील, मग अपडेट घ्यायचेच कशाला? तसे करणे धोक्याचे आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड मालकांनी बदललेलेच नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात या यंत्रांच्या जोरावर झालेल्या हल्ल्याने अमेरिकेत मोठमोठ्या संकेतस्थळांची सेवा कोलमडली. तेव्हा पासवर्ड बदलणे आणि अपडेट घेणे, दोन्ही जरुरीचे आहे. प्रश्न वेळेचा आहे. आपोआप अपडेट होण्याची वेळ ठरवता येत असेल तर ती ठरवावी. ईदच्या आधीचे दिवस, लग्नसराई, जुम्याच्या नमाजासाठी दुकान बंद ठेवण्याची वेळ किंवा उमऱ्याला निघण्याचा दिवस यासाठी अजिबात योग्य नाही. सुटसुटीत दिवशी, सकाळी, हब इन्व्हर्टरवर ठेवून आणि स्वतः हजर राहून अपडेट घ्यावे.

चावी खिशात ठेवा

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील लॉकस्टेट या कंपनीने एका मॉडेलच्या कुलपांसाठी तयार केलेले अपडेट चुकून दुसऱ्या मॉडेलला पाठवले. सुमारे ५०० कुलपे निकामी झाली. आकडे दाबून दार उघडेना. कुलपांचा इंटरनेटशी संबंधच तुटल्यामुळे दुरुस्तीही दुरून पाठवता येईना. कुलपाचा भाग काढून कंपनीकडे पाठवा किंवा बदली कुलपाची वाट पाहा, असे ग्राहकांना सांगावे लागले. ज्यांच्याकडे साधी धातूची चावी होती, त्यांची दारे मात्र उघडली. यावरून बोध घ्यावा. शटरचे कुलूप, दिव्याचे बटण आणि भोंग्याचा स्विच हाताने चालणाराच असावा. तदबीर आधी, तवक्कुल त्यानंतर.

खरेदी करताना

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. इंटरनेट बंद असताना हब आतल्या आत काम करतो का? बॅकअप घेता येतो का? कंपनी किती वर्षे अपडेट देणार आहे? शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि तिच्या ग्राहकांचे अॅप एका दिवसात निरुपयोगी ठरले. आखाती देशांतून नातेवाइकांनी आणलेल्या हबची वॉरंटी इथे चालते का, हेही विचारून घ्या.

पक्के बिल जपून ठेवा. वॉरंटीच्या काळात कंपनीच्याच अपडेटने हब निकामी झाला आणि ती दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहकाचे संरक्षण मिळत नाही. परंतु स्वयंरोजगाराने केवळ आपल्या उपजीविकेसाठी वस्तू वापरणारा ग्राहकच मानला जातो. लहान दुकानदार आणि कारागीर बांधवांनी हा फरक लक्षात ठेवावा.

शेवटी एक कागद तयार करा. त्यावर प्रत्येक सेन्सरचे नाव, जागा, बॅटरीचा प्रकार, नियम आणि शेवटच्या अपडेटची तारीख लिहा आणि तो गल्ल्यात ठेवा. हबची वही पुसली गेली तरी ही वही आपल्याजवळ राहील. आणि आपण गावी नसताना मुलाला किंवा नोकरालाही तिच्या आधाराने काम करता येईल. अल्लाह आपल्या कारोबारात बरकत देवो आणि आपल्या मालाची हिफाजत करो.