इंग्रजीतला भूतकाळ कुठे संपतो?

पाच मिनिटांपूर्वी सुटलेल्या गाडीबद्दल इंग्रजीत साध्या भूतकाळात बोलतात: ‘द ट्रेन लेफ्ट फाइव्ह मिनिट्स अगो’. सुमारे १३.८ अब्ज वर्षे टिकून असलेल्या विश्वाला मात्र ‘हॅज एक्झिस्टेड’ असा पूर्ण वर्तमानकाळ लागतो. घटना किती जुनी, याला इथे महत्त्व नाही. जो कालावधी बोलणाऱ्याच्या मनात आहे, तो संपला की अजून चालू आहे, हे पाहावे लागते. सकाळी प्यायलेल्या चहाबद्दल सकाळीच बोलताना ‘आय हॅव हॅड टी धिस मॉर्निंग’ म्हणता येते. संध्याकाळी त्याच चहासाठी ‘आय हॅड’ म्हणावे लागते.

जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एलिमेंट्स ऑफ सिम्बॉलिक लॉजिक’ या ग्रंथात याची उकल तीन बिंदूंनी केली: घटनेचा क्षण, बोलण्याचा क्षण आणि जिथून घटनेकडे पाहायचे तो संदर्भबिंदू. साध्या भूतकाळात संदर्भबिंदू घटनेपाशीच असतो, पूर्ण वर्तमानकाळात तो बोलण्याच्या क्षणाशी येतो, तर पूर्ण भूतकाळात दोहोंच्या मध्ये राहतो.

भाषाशास्त्रात गाजलेले एक उदाहरण आइनस्टाइन यांचे आहे. १९५५ साली त्यांचे निधन झाले. त्यामुळे ‘आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ हे वाक्य आज खटकते. पण प्रिन्स्टनला कर्ता करून ‘प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइनस्टाइन’ म्हटले, की ते चालते. गाव अजून जागेवर आहे!

या रचनेचे मूळ मालकीत आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ पकडलेला मासा आहे’ अशा धाटणीची वाक्ये असत आणि ‘पकडलेला’ हे रूप विशेषणासारखे माशाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलू शकत असे. पुढे प्रत्यय झडले, शब्दक्रम पालटला आणि ‘हॅव’ हे सहायक क्रियापद झाले. सगळीकडे ते सारखे रुळले नाही: ‘नुकतेच जेवलो’ यासाठी ब्रिटनमध्ये ‘आय हॅव जस्ट ईटन’ अधिक रूढ आहे, तर अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ सर्रास ऐकू येते.

मराठी माणूस इथे दोन ठिकाणी अडखळतो. ‘तो कालच आला आहे’ हे आपल्याकडे निर्दोष वाक्य; इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’ आले की ‘केम’च हवे. दुसरे, ‘गेल्या वर्षी आम्ही काशीला गेलो होतो’ यातल्या ‘होतो’मुळे ‘हॅड गॉन’ तोंडी येते. तिथे ‘वेंट’ पुरते. त्यानंतरची दुसरी एखादी भूतकाळातली घटना सांगायची असेल आणि काशीची यात्रा तिच्याही आधीची असेल, तरच ‘हॅड’ला काम उरते.