घरच्या वायफायचा वेग आणि चाचणीचा आंकडा

इंटरनेटचा वेग मोजण्याची चाचणी आतां घरोघर होते. मोबाईलवर बोट ठेवावें, कांटा फिरतो आणि आंकडा येतो. योजना शंभर मेगाबिटांची आणि आंकडा मात्र अठराचा, असें दिसलें कीं गृहस्थ कंपनीशीं भांडतो, नाहीं तर अधिक पैसे भरून मोठी योजना घेतो. पुढें आंकडा अठराच राहिला, म्हणजे मात्र त्याला कोडें पडतें.

आमच्या नाशिकच्या द्वारका चौकाचें उदाहरण घ्या. उड्डाणपुलावरून मुंबई-आग्रा महामार्गाची वाहनें सपाट्यानें निघून जातात. परंतु ज्याला खालून पुणें रस्त्याकडे वळावयाचें आहे, त्याचा वेळ चौकांतच खर्च होतो. चाचणींतहि मोबाईल, हवा, राउटर, कंपनीची तार आणि पलीकडचा मोजणी करणारा संगणक असे टप्पे असतात. आंकडा येतो तो यांतील सर्वांत मंद टप्प्याचा, आणि घरांत हा टप्पा बहुधा हवेचा असतो.

याचें कारण लहरींच्या लांबींत आहे. रेडिओच्या मध्यम लहरी शेंकडों मीटर लांबीच्या, म्हणून घरादारांना त्या सहज वळसा घालतात. वायफायची लहर २.४ गिगाहर्ट्झवर सुमारें साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झवर सहाच सेंटिमीटर. जुन्या नाशकांतील वाड्याची जाड भिंत तिला क्षीण करते. लोखंडी कपाट व मोठा आरसा तिला परतवून लावतात. पाण्याची टांकी तर तिला शोषूनच घेते. दिसावयास बरें नाहीं म्हणून राउटर कपाटामागें दडविण्याची आपल्याकडे हौस फार! ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, परंतु दोन भिंतींपलीकडे तो फारसा उरत नाहीं. २.४ ची लहर दूरवर जाते. मात्र तेथें एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच, आणि बिऱ्हाडागणिक एक राउटर. मायक्रोवेव्ह शेगडीहि त्याच पट्ट्यांत गडबड करते.

आणखी एक गोष्ट मास्तराच्या अनुभवानें सांगतों. वर्गांत एका वेळीं एकानेंच वाचावयाचें असतें. अडखळत वाचणाऱ्यानें तास खाल्ला, तर हुशार मुलांची पाळी येतच नाहीं. एका मार्गावरील वायफायचें असेंच आहे. माडीवरच्या खोलींतील जुना मोबाईल मंदपणें कांहीं उतरवून घेत असेल, तर खालीं राउटरशेजारीं बसलेल्याचाहि आंकडा घसरतो.

कांहीं घोटाळे निव्वळ हिशेबाचे असतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून शंभर मेगाबिटांच्या तारेवरून सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात, तीं लबाडी नव्हे. योजना दोनशेंची आणि राउटरचें तोंड जुनें, शंभरापुरतेंच असलें, तर आंकडा चौऱ्याण्णव-पंचाण्णवावर अडकतो.

चाचणी बहुधा जवळचा संगणक निवडते. प्रकाश कांचतंतूंतून सेकंदाला सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. त्या हिशेबानें नाशिकहून मुंबईस जाऊन येण्यास दोन सहस्रांश सेकंदहि लागूं नयेत. अमेरिकेंतील मुलाशीं बोलतांना मात्र हाच विलंब कित्येक पटींनीं वाढतो. घरचा आंकडा उत्तम असूनहि संभाषण अडखळतें, त्याचें हें एक कारण.

तेव्हां प्रथम लॅपटॉप केबलनें राउटरला जोडावा, इतर उपकरणें बंद ठेवावींत, आणि सकाळीं, दुपारीं व रात्रीं नऊच्या सुमारास चाचणी घ्यावी. नंतर राउटरच्या खोलींत, आणि शेवटीं जेथें मुलें अभ्यासास बसतात तेथें वायफायवर घ्यावी. केबल व राउटर योजनेच्या वेगाला पुरेसे असूनहि केबलवरचा आंकडा तिन्ही वेळां कमी आला, तर वेळांसह तो लिहून कंपनीकडे तक्रार करावी. केवळ रात्रीं कमी आला, तर बहुधा वस्तीची सामाईक तार गजबजलेली असते. तेंहि कंपनीनेंच निस्तरावयाचें. केबलवर शंभर आणि अभ्यासाच्या खोलींत अठरा असें आढळलें, तर मोठ्या योजनेचे पैसे भरण्यापूर्वीं राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवावा आणि पुन्हां मोजावें.