ल्युसीन: भाकरीतले आणि औषधातले

डोक्याला मार लागल्यावर जखम भरते, हाड सांधते, परंतु स्मरणशक्ती, एकाग्रता आणि विचारांचा वेग पूर्ववत होण्यास अनेकदा महिने लागतात. या काळात आहारातूनही मेंदूला साहाय्य मिळू शकेल काय, याचा शोध घेणाऱ्यांचे लक्ष ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन या तीन अमिनो आम्लांकडे, म्हणजे प्रथिनांच्या घटकांकडे, वेधले गेले आहे. शरीर ती स्वतः घडवू शकत नसल्याने अन्नातूनच मिळवावी लागतात. मेंदूत त्यांच्यातील नायट्रोजन ग्लुटामेट हा चेतापेशींना उद्दीपित करणारा संदेशवाहक घडवण्यास उपयोगी पडतो, ग्लुटामेटपासून त्यांना शांतवणारा गाबा तयार होतो, आणि इजेनंतर या दोहोंचा तोल ढळतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मेंदूला इजा झालेल्या उंदरांना ही आम्ले पिण्याच्या पाण्यातून दिल्यावर त्यांची शिकण्याची क्षमता सुधारली. डोक्याला धक्का बसलेल्या 42 किशोर व तरुणांवरील, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अधिक मात्रा घेणाऱ्यांची लक्षणे अधिक घटली, मात्र विचारांचा वेग वाढल्याचे दिसले नाही. तेथील सर्वाधिक मात्रा दिवसाला 54 ग्रॅम होती. ती केवळ ज्वारीतून मिळवायची तर रोज दोन किलोंहून अधिक पिठाच्या भाकऱ्या खाव्या लागतील, म्हणजेच ही मात्रा आहार नसून औषधच ठरते.

सोलापूरच्या मालदांडी ज्वारीचा संबंध येथे वेगळ्या अंगानेही येतो. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसीन विपुल असते, आणि जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्यांत त्वचा काळवंडणे, हगवण व बुद्धिभ्रंश घडवणारा पेलाग्रा हा रोग या अतिरेकामुळे होत असावा, असे हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये मांडले. आयसोल्युसीन त्या परिणामाला आवर घालते, असेही पुढे तेथील प्रयोगांत दिसले. भाकरीसोबत आमटी आणि शेंगाचटणी खाण्याच्या सोलापुरी रीतीत आहाराचा तोल आपोआप साधतो, कारण डाळीतून ज्वारीत कमी असलेले लायसीन हे अमिनो आम्ल आणि शेंगदाण्यातून पेलाग्रा टाळणारे नायसिन हे जीवनसत्त्व मिळते.

म्हणून डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी व्यायामशाळेतील या आम्लांच्या भुकटीचा डबा स्वतःच्या विचाराने उघडू नये. रुग्णाला पचेल ते वरण, दूध, अंडे वेळेवर द्यावे, आणि पूरक आम्लांचा निर्णय यकृत व मूत्रपिंडाची स्थिती पाहणाऱ्या डॉक्टरांवर सोपवावा. ज्या ल्युसीनच्या अतिरेकावर बुद्धिभ्रंशाचा संशय घेतला गेला, तेच आज बुद्धी सावरण्यासाठी तपासले जात आहे, हे ध्यानी घेतले की मात्रेचे मोल कळते.